घोटाघोटाचा हिशेब



आपल्याकडे पाणी देणे हे पुण्य समजतात. दारी माणूस आला की आधी तांब्याभर पाणी, मग गुळाचा खडा, आणि मग 'कुठून आलात, कसे काय' ही चौकशी. उन्हाळ्यात वाटेवर पाणपोई घालतात. तहानलेल्याला पाणी नाही म्हणणारा माणूस आपल्याला माणूसच वाटत नाही.

पण असाही एक आजारी असतो, की ज्याला जास्त पाणी दिले तर त्याच्या जिवाला धोका होतो. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि जो डायलिसिसवर आहे, तो हा आजारी. मधुमेह आणि रक्तदाब वाढले, तसे हे आजारी खेड्यापाड्यांतही दिसू लागले. हा धडा त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या घरच्यांसाठी तर आहेच आहे.

मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. औषध मी सांगणार नाही. मी सांगणार आहे तो हिशेब. आणि हिशेब शिकवताना माझ्याच हातून एक चूक राहिली, तीही सांगणार आहे.

मूत्रपिंडे काय करतात?

मूत्रपिंडाला हल्ली सगळे किडनी म्हणतात. आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येक मुठीएवढे. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. पंधरा लिटरची घागर धरली तर या झाल्या १२ घागरी! त्यातले बहुतेक सगळे पाणी शरीर परत घेते. उरलेली घाण आणि जादा पाणी एक-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर जाते.

मूत्रपिंडे बंद पडली म्हणजे काय होते? मोरी तुंबली म्हणजे जे होते तेच. वरून पाणी पडत राहते, खाली जायला वाट नाही. ते पाणी मग पायांत साठते, चेहऱ्यावर साठते, आणि शेवटी फुप्फुसांत उतरते. माणसाला श्वास घेता येत नाही.

येथे एक गैरसमज काढून टाकू. 'भरपूर पाणी प्या, किडनी साफ होते,' असे गावात सांगतात. मूतखडा झालेल्याला डॉक्टर तसे सांगतात, ते खरे. पण जिचे काम थांबले आहे ती मूत्रपिंडे जास्त पाण्याने साफ होत नाहीत. तुंबलेल्या मोरीत आणखी बादली ओतल्यासारखे होते.

यंत्र आले, तरी हिशेब आपलाच

अशा आजाऱ्याचे रक्त यंत्रातून गाळून घेतात. त्याला डायलिसिस म्हणतात. हॉलंड देशात विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, असे यंत्र बनवले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती त्यांनी सेलोफेनची लांब नळी गुंडाळली होती. नळीतून रक्त फिरे आणि बाहेरच्या पाण्यात घाण उतरे. पहिले बरेच रोगी दगावले. पण डॉक्टरांनी हात टेकले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई या यंत्राने वाचली. पुढे १९६० साली अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हातात कायम राहणारी नळी बसवण्याची युक्ती काढली. तेव्हापासून एकाच रोग्याला वर्षानुवर्षे डायलिसिस देता येऊ लागले.

आपल्या देशात २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा फुकट मिळावी, हा त्याचा हेतू. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

आता एक गणित करू. आठवड्याचे तास किती? २४ गुणिले ७, म्हणजे १६८. चांगली मूत्रपिंडे सगळे १६८ तास काम करतात. यंत्रावर माणूस बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास बसतो. म्हणजे फक्त १२ तास. उरलेले १५६ तास यंत्र नाही, डॉक्टर नाही, सिस्टर नाही. त्या १५६ तासांत आजारी आणि त्याच्या घरची माणसे, एवढेच असतात. जीव राखायचा तो त्यांनीच.

आबा आणि आक्का

आमच्या गावात एक जोडपे आहे. सगळे त्यांना आबा आणि आक्का म्हणतात. आबांना जुना मधुमेह. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडे गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, असे तालुक्याला डायलिसिस. पहाटेच्या एसटीने जायचे, दुपारी यायचे.

आक्का साठीच्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. आबांचा आजार सुरू झाला आणि त्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. मी विचारले, "आक्का, या वयात पाटी?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, दवाखान्यात कागद देत्यात. त्यावर काय लिहिलंय ते मला कळंना. पोरगा पुण्याला. नातू कालेजात. मग कुणाच्या तोंडाकडं बघू?"

सहा महिन्यांत आक्का नाव लिहू लागल्या. आकडे वाचू लागल्या. बेरीज-वजाबाकी करू लागल्या.

दवाखान्याच्या सिस्टरनी त्यांना दोन आकडे दिले होते. ते दोन आकडे नीट समजून घ्या. सगळा हिशेब त्यांच्यावर आहे.

पहिला आकडा कोरड्या वजनाचा. अंगातले जादा पाणी काढून टाकल्यावर माणसाचे जे वजन उरते, ते कोरडे वजन. आबांचे होते ५२ किलो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून आबांचे वजन दोन दिवसांत ५४ किलो झाले, तर अंगात दोन लिटर पाणी साठले असे समजायचे. दोन दिवसांत कोणाचे मांस दोन किलो वाढत नाही.

दुसरा आकडा रोजच्या पाण्याचा. तो काढायची रीत साधारण अशी. आदल्या २४ तासांत जेवढी लघवी झाली ती मापायची, आणि तीत ५०० मिलिलिटर मिळवायचे. घामाने आणि श्वासाने जे पाणी जाते त्याची भरपाई म्हणून हे ५००. आबांना दिवसाला ३०० मिलिलिटर लघवी होई. ३०० अधिक ५००, म्हणजे ८००. आबांना दिवसाचे ८०० मिलिलिटर. लिटरभरही नाही. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. शेजाऱ्याचा आकडा आपण घेऊ नये.

आक्का मला म्हणाल्या, "गुरुजी, घरात रांजण भरलेला असताना माणसाला घोट मोजून द्यायचा? माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

मी म्हणालो, "आक्का, तुम्ही पाणी तोडत नाही. तुम्ही आबांचा श्वास राखता."

पाणी म्हणजे कोणकोणते?

हिशेबात फक्त पाणी धरायचे नाही. जे जे पातळ आहे ते सगळे धरायचे. चहा, दूध, ताक, आमटीचे पाणी, कढी, पेज, सार, सरबत, बर्फ, कुल्फी, आणि गोळ्या गिळायला घेतलेले पाणीसुद्धा.

आपल्या घरची भांडी एकदा मापून घ्या. औषधाच्या बाटलीचे टोपण किंवा तान्ह्या मुलाची दुधाची बाटली घ्या. तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. आपला चहाचा कप, आपली वाटी, आपले फुलपात्र त्याने मापा आणि वहीत लिहून ठेवा. आबांच्या घरचा कप भरला ८०, वाटी १००, फुलपात्र १५०.

आबांचा एक दिवस आक्कांनी असा बसवला.

सकाळचा चहा ८०.
गोळ्यांबरोबर पाणी ५०.
दुपारी आमटी १००.
जेवताना पाणी १५०.
तिसऱ्या प्रहरी पाणी १००.
चहा ८०.
रात्री आमटी ८०.
जेवताना पाणी ११०.
गोळ्यांबरोबर पाणी ५०.
एकूण ८००.

आक्कांनी आणखी एक युक्ती केली. सकाळी एका बाटलीत ८०० मिलिलिटर पाणी भरून ठेवायचे. आबांनी चहा घेतला की बाटलीतले कपभर पाणी तुळशीला घालायचे. आमटी घेतली की वाटीभर पाणी काढायचे. बाटलीत जे उरले तेवढेच आता प्यायचे. लिहिता येत नसेल त्यालाही हा हिशेब डोळ्यांनी दिसतो.

तहानेचे मूळ मिठात

नुसते 'पिऊ नका' म्हणून तहान भागत नाही. तहान खरी असते. तिचे मूळ बहुधा मिठात असते.

दवाखान्यात सलाइनची बाटली लावतात ना? तिच्यात एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. आपल्या रक्ताला साधारण तेवढेच मीठ मानवते. म्हणजे ९ ग्रॅम मीठ जादा खाल्ले, तर शरीर सुमारे एक लिटर पाणी मागते आणि ते धरून ठेवते. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. शरीराची ती मागणीच असते. म्हणून आधी मीठ आवरा, मग पाणी आवरता येते.

दिवसाचे सगळे मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. म्हणजे चहाचा लहान चमचा सपाट भरून, त्याहूनही थोडे कमी. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण, वेफर्स आणि खारे शेंगदाणे बंद. ठेच्यात मीठ नको. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते, ते तर डायलिसिसच्या रोग्याने मुळीच घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते, आणि पोटॅशियम वाढले की हृदय बंद पडू शकते. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम पुष्कळ असते. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमाने शहाळे नेतो. या आजाऱ्याला ते नेऊ नका.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. रक्तात साखर वाढली तरी घसा सुकतो.

तोंड कोरडे पडले तर चूळ भरून थुंकावी. लिंबाची लहान फोड चोखावी. लवंग किंवा बडीशेप तोंडात धरावी. बर्फाचा छोटा खडा चघळला तर घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो. मात्र तोही हिशेबात धरावा. मोठ्या पेल्याऐवजी लहान कपाने प्यावे. दुपारच्या उन्हात हिंडू नये.

मोबाइल मदतीला आला

नातू म्हणाला, "आजी, वही कशाला? मोबाइलवर सगळं होतं." त्याने आबांच्या मोबाइलवर पाण्याचा हिशेब ठेवणारे एक ॲप घातले. आबा खूश झाले. पण दुसऱ्या दिवसापासून मोबाइल दर तासाला वाजू लागला. पडद्यावर पेल्याचे चित्र येई आणि अक्षरे येत : 'पाणी प्या.'

आक्कांनी ती अक्षरे वाचली. आपण शिकलेली अक्षरे! त्या चक्रावल्या. दवाखाना म्हणतो पिऊ नका, मोबाइल म्हणतो प्या. खरे कोणाचे?

बुधवारी त्यांनी मोबाइल सिस्टरना दाखवला. सिस्टर म्हणाल्या, "आजी, हे आधी काढून टाका. हे धडधाकट माणसासाठी आहे. याला दिवसाचे दोन लिटर पुरे करायचे आहेत. आबांना ८०० च्या पुढे जायचे नाही."

वाचकहो, येथे थांबून विचार करा. मोबाइल खोटे बोलला नाही. पण तो कोणाशी बोलतो आहे हे त्याला ठाऊक नव्हते. छापलेले सगळे खरे असेल, तरी ते आपल्यासाठी आहे का, हे आपणच पाहावे लागते.

मग सिस्टरनी नातवाला नीट समजावले. ज्या ॲपमध्ये दिवसाची हद्द आपल्याला घालता येते, तेच घ्यायचे. त्यात हद्द घातली ८००. आबांनी चहा घेतला की आक्का ८० घालत. मोबाइल लगेच दाखवी, प्यायले ८०, उरले ७२०. बोट चालत नसेल तर माइकच्या चित्रावर दाबून 'ऐंशी' असे बोलले तरी चाले. काही दवाखान्यांचे स्वतःचे ॲप असते. आपल्या केंद्रात आहे का, हे विचारावे. काहीच नसेल तर मोबाइलमधली साधी आकडेमोडही पुरते.

ॲप घेताना पैसे किंवा बँकेच्या खात्याचा नंबर कोणी मागितला तर देऊ नका. पाणी मोजायला खात्याचा नंबर लागत नाही. आणि वही मोडीत काढू नका. वीज जाते, बॅटरी संपते. वहीला बॅटरी लागत नाही.

मोबाइलबरोबर घरी वजनकाटाही आला. पायाखाली ठेवायचा, आकडा उजळतो तो. त्याचे नियम लिहून घ्या. काटा सपाट, टणक फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा सारवलेल्या भुसभुशीत जमिनीवर ठेवू नये. वजन रोज सकाळी करावे, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. अंगावर रोज तेवढेच कपडे असावेत. पायांत चपला नसाव्यात. भिंतीला धरू नये. आकडा नाचायचा थांबला की मग वाचावा.

आकड्यात मध्ये एक टिंब असते. टिंबाच्या अलीकडे किलो. पलीकडचा एक आकडा म्हणजे शंभर-शंभर ग्रॅम. ५२.४ म्हणजे ५२ किलो ४०० ग्रॅम.

एक आकडा चुकला

दोन महिने सगळे सुरळीत चालले. मग वैशाखात आबांच्या पुतणीचे लग्न निघाले. लग्न शनिवारी, शेजारच्या गावी.

शुक्रवारी डायलिसिस होऊन आबा ५२ किलोवर आले होते. शनिवारी सकाळी आक्कांनी त्यांना काट्यावर उभे केले. आकडा वाचला, ५२.१. त्या हरखल्या. म्हणाल्या, "अहो, शंभरच ग्रॅम वाढलंय! आज लग्नात दोन घोट जास्त घ्या. पुतणीचं लग्न परत परत येत न्हाई."

लग्नात मठ्ठा होता, भजी होती, पापड होते. ऊन मी म्हणत होते. आबांनी दोन घोट जास्त घेतले. मिठाने तहान वाढली, तसे चार घेतले, मग पेला घेतला. पाहुण्यांनी चहाचा आग्रह केला, तोही घेतला. मोबाइलची बॅटरी संपली होती. वही घरी होती. मुक्काम तिथेच पडला. रविवारी वजन झाले नाही.

रविवारी रात्री घरी आल्यावर आबांना खोकला सुरू झाला. आडवे झाले की गुदमरायला होई. उठून बसले की जरा बरे वाटे. पाय सुजले होते. सोमवारची पाळी सकाळी होतीच. आबा म्हणाले, "सकाळपर्यंत कळ काढतो." पण आक्कांनी ऐकले नाही. शेजारची जीप काढून रात्रीच दवाखाना गाठला. त्यांनी सकाळची वाट पाहिली असती, तर हा धडा मी वेगळ्या शब्दांत लिहिला असता.

दवाखान्यात वजन भरले ५६.२. कोरड्या वजनापेक्षा ४ किलो २०० ग्रॅम जास्त.

यंत्राला एकदम सगळे पाणी ओढता येत नाही. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त ओढू नये, असा एक दंडक आहे. आबांचे ५२ किलो. १३ गुणिले ५२, म्हणजे ६७६. चार तासांचे झाले २७०४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २ लिटर ७०० मिलिलिटर. आणि साठले होते त्याहून दीड लिटर जास्त. त्यात ओढता ओढता आबांचा रक्तदाब उतरला, पोटऱ्यांत गोळे आले. यंत्राचा वेग कमी करावा लागला.

चार तासांनी पुन्हा वजन केले. आक्का काट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी मोठ्याने वाचले, "त्रेपन्न पॉइंट एक."

सिस्टर म्हणाल्या, "आजी, एक नाही. नऊ. त्रेपन्न पॉइंट नऊ."

आक्कांनी पुन्हा पाहिले. म्हणाल्या, "हा तर एक आहे!"

तेव्हा उलगडा झाला. काट्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. इंग्रजी नऊ हा आपल्या मराठी एकासारखा दिसतो. शनिवारी सकाळी काट्यावर ५२.१ नव्हतेच. ५२.९ होते. शंभर नाही, नऊशे ग्रॅम वाढले होते. त्या दिवशी घोट वाढवायचा नव्हता, आवरायचा होता.

मंगळवारी आबांना पुन्हा यंत्रावर बसवले. उरलेले पाणी निघाले. वजन ५२ वर आले.

बुधवारी रात्री आक्का वर्गाला आल्या. कोपऱ्यात बसून राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझ्यामुळं मालकांचा जीव गेला असता."

मी म्हणालो, "आक्का, चूक तुमची नाही. माझी आहे." आणि ते खरेच होते. मी वर्गात मराठी आकडे शिकवले होते. इंग्रजी आकडे पुढच्या पुस्तकात आहेत, म्हणून मागे ठेवले होते. पण माणसाची गरज काही पुस्तकाच्या क्रमाने येत नाही. काटा, मोबाइल, औषधाची तारीख, एसटीचे तिकीट, सगळीकडे इंग्रजी आकडे आहेत. त्या रात्री आम्ही धडा बाजूला ठेवला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, वर मराठी आकडे, खाली इंग्रजी. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा. इंग्रजी आठ आपल्या चारासारखा वाटतो, पण तो दोन्हीकडून बंद असतो. साऱ्या वर्गाने ते गिरवले. आक्कांनी काट्याच्या वर भिंतीवर खडूने दोन्ही ओळी लिहून ठेवल्या आहेत. आजही आहेत.

आणखी एक सोय सिस्टरनी केली. रोज सकाळी आबा काट्यावर उभे राहिले की आक्का मोबाइलने आकड्याचा फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर केंद्राला पाठवतात. वाचण्यात चूक झाली तरी फोटोत होत नाही. वजन जास्त दिसले की केंद्रातून विचारणा होते. आता आबांचे वजन दोन पाळ्यांच्या मध्ये बहुधा दीड ते दोन किलोच वाढते. पोटऱ्यांत गोळे येत नाहीत.

धोक्याच्या खुणा

आडवे झाल्यावर श्वास कोंडणे. रात्री खोकून उठून बसावे लागणे. पाय किंवा चेहरा एकाएकी सुजणे. छातीत दुखणे. हातापायांतली शक्ती एकदम जाणे. यांतले काहीही झाले तर पाळीची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते.

पाळी कधीही चुकवू नका. लग्न, यात्रा, सुगी, काही असो.

कोरडे वजन कायमचे नसते, हेही ध्यानात धरा. आजारपणात भूक जाते आणि मांस झडते. तेव्हा काट्यावर ५२ दिसले तरी त्यात मांस कमी आणि पाणी जास्त असू शकते. म्हणून जेवण कमी झाले, किंवा उलट्या-जुलाब झाले, तर डॉक्टरांना सांगावे. ते आकडा पुन्हा ठरवतात.

आणि ज्यांची मूत्रपिंडे चांगली आहेत त्यांनी हा धडा वाचून आपले पाणी तोडू नये. त्यांनी तहानेला पाणी प्यावे. फक्त आजाऱ्याच्या घरी गेल्यावर 'घ्या हो, एका कपाने काय होते' असा आग्रह करू नये.

पूर्वी निरक्षर माणूस सावकाराच्या वहीत फसत असे. एकाचे नऊ केले तरी त्याला कळत नसे. त्यात जमीन जाई. आता एक आणि नऊ यांत जीवही जाऊ शकतो. आक्कांनी साठीत पाटी धरली, म्हणून आज त्या घरात सकाळी आकडा वाचला जातो आणि घोट मोजला जातो. आबा अजून ओट्यावर बसून मला हाक मारतात, "गुरुजी, या. चहा तुम्ही घ्या. माझा झाला, ऐंशी!"

अभ्यास

१. एका आजाऱ्याला दिवसाला २०० मिलिलिटर लघवी होते. वर सांगितलेल्या रीतीने त्याचे दिवसाचे पाणी किती?

२. कोरडे वजन ४८ किलो. आज सकाळी काट्यावर ४९.६. अंगात किती पाणी साठले?

३. एका माणसाचे कोरडे वजन ५० किलो. १३ च्या दंडकाने चार तासांत यंत्र जास्तीत जास्त किती पाणी ओढील?

४. आपल्या घरचा कप, वाटी आणि फुलपात्र मापा. आकडे वहीत लिहा.

५. पाटीवर मराठी एक ते नऊ लिहा. खाली इंग्रजी एक ते नऊ लिहा. कोणते आकडे एकमेकांसारखे दिसतात ते शेजाऱ्याला दाखवा. मग घरातल्या मोबाइलवर ते शोधा.

६. आपल्या गावात कोणी डायलिसिसवर आहे का? असेल तर हा धडा त्यांच्या घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवा.